स्टॉकहोमच्या जहाजावर चार रात्री

पहिला दिवस, सोमवार ३ जून २०१९

सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, माणसं पांगली, आणि माझी निळी बॅग काही आली नाही. आर्लांडा विमानतळावर संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. काउंटरवरच्या माणसाने अर्ज भरून घेतला. "उद्यापर्यंत मिळेल बहुतेक. कुठे पोचवायची?" मी पत्ता लिहिला: आफ चापमन, शेप्सहोल्मेन बेट, स्टॉकहोम. कागद वाचून त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच हसला. "जहाजावर उतरताय?"

हो, जहाजावर. लेक उप्सालाच्या विद्यापीठात शिकते. तिची परीक्षा पाच तारखेला संपणार होती आणि तिच्या खोलीत दुसऱ्या माणसाला पाठ टेकायलाही जागा नाही. "आई, तीन दिवस स्टॉकहोमला एकटी राहशील ना गं? सहा तारखेला मी येतेच," असं तिने फोनवर विचारलं तेव्हा मी मोठ्या धीराने हो म्हटलं होतं. मग हॉटेलांचे दर पाहिले आणि छाती दडपली. एक क्रोना तेव्हा सात-साडेसात रुपयांना पडत होता. शेवटी तिनेच हे हॉस्टेल शोधलं. आपल्या यूथ हॉस्टेलचं कार्ड माझ्याकडे ट्रेकिंगच्या दिवसांपासून आहे, ते तेव्हा इथेही चालायचं आणि सदस्यांचा दर लागायचा. पण हॉस्टेल म्हटलं की डोळ्यांपुढे कॉलेजची पोरं येतात, आणि मी एकसष्ट वर्षांची, सातारा जिल्ह्यात बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. चार परक्या बायकांबरोबर एका खोलीत झोपायचं या विचाराने विमानात डोळा लागला नव्हता.

विमानतळाच्या बसने पाऊण तासात शहरात सोडलं. हातात ओझं नव्हतं म्हणून चालत निघाले. आठ वाजत आले होते आणि ऊन मात्र आपल्याकडच्या चारच्या उन्हासारखं. डाव्या हाताला राष्ट्रीय कलासंग्रहालय, उजवीकडे पाणी, पाण्यापलीकडे राजवाडा. पुढे एक अरुंद लोखंडी पूल लागतो, त्याच्या कठड्यावर सोनेरी मुकुट बसवला आहे. पूल ओलांडून उजवीकडे वळलं की ते समोर येतं: पांढरंशुभ्र, तीन डोलकाठ्यांचं जहाज, धक्क्याला जाड दोरांनी बांधलेलं.

या जहाजाची कुंडली मी येण्यापूर्वी वाचून ठेवली होती. १८८८ साली इंग्लंडच्या व्हाइटहेवन बंदरात ते पाण्यात उतरलं. तेव्हाचं नाव डनबॉइन. माल भरून ते पार ऑस्ट्रेलियापर्यंत जात असे. १९२३ मध्ये स्वीडनच्या नौदलाने खलाशांच्या शिक्षणासाठी विकत घेतलं आणि अठराव्या शतकातल्या फ्रेडरिक हेन्रिक आफ चापमन या जहाजबांधणीतल्या थोर माणसाचं नाव दिलं. गणित आणि शास्त्र वापरून जहाजांची रचना करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते. महायुद्धाच्या काळात या जहाजावर सैनिक राहिले. नंतर ते भंगारात जायचं होतं. शहराच्या संग्रहालयाने ते वाचवलं आणि १९४९ पासून ते प्रवाशांचं वसतिगृह झालं. चालवत होती ती स्वीडनची पर्यटन संघटना, जिची स्थापनाच १८८५ ची.

नोंदणीचं टेबल मात्र जहाजावर नाही, समोरच्या घरात आहे. तिथल्या मुलीला बॅगेचं सांगताना माझा आवाज जरा कापला असावा. इथे चादरी-अभ्रे आपापले आणायचे किंवा भाड्याने घ्यायचे अशी तेव्हा पद्धत होती, आणि माझ्या तर बॅगेत होत्या. तिने दोन चादरी, अभ्रा आणि टॉवेल माझ्यासमोर ठेवले. मी कार्ड पुढे केलं तर म्हणाली, "राहू द्या. बॅग आली की सांगा फक्त, म्हणजे मलाही बरं वाटेल."

शिडीवरून डेकवर, डेकवरून खाली. केबिन लहान. भिंतीला एकावर एक खाटा, गोल खिडकी, खिडकीत पाणी. तिघी जणी आधीच होत्या. दक्षिण कोरियाची एक विद्यार्थिनी, सायकलवरून डेन्मार्कमार्गे आलेली एक जर्मन मुलगी, आणि फिन्लंडच्या एक निवृत्त परिचारिका, माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठ्या. त्यांना मी मनातल्या मनात ताई म्हणायला लागले, आणि तिसऱ्या दिवशी उघडपणेही म्हटलं. मला वरची खाट मिळाली होती. जर्मन मुलीने माझ्याकडे पाहिलं, एक शब्दही न बोलता आपलं अंथरूण गुंडाळलं आणि वर चढून गेली. कोरियन मुलीने न उघडलेला दात घासायचा ब्रश दिला. ताईंनी त्यांचा लोकरी झगा दिला. तो मला घोट्यापर्यंत आला.

अंधार होईना. दहाला सूर्य मावळला, पण आभाळ काही काळं झालं नाही. जूनमध्ये उत्तरेकडे रात्री किती लहान असतात हे मी फळ्यावर पृथ्वीचा कललेला आस काढून किती वर्षं शिकवलं! ती आकृती आज गोल खिडकीतून अंथरुणावर आली होती.

जागी असताना रिशार्ड शिरमान आठवले. यूथ हॉस्टेल ही कल्पना या जर्मन शिक्षकाची. १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसाने गाठलं आणि एका गावच्या शाळेत त्यांनी रात्र काढली, वर्गात गवताच्या पेंढ्या पसरून. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग त्यात मुलांची सोय का होऊ नये, असं त्यांना त्या रात्री वाटलं. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल उभं राहिलं. आम्हीही हेच करत आलो की! सहल निघाली की दुसऱ्या गावच्या शाळेला आधी पत्र टाकायचं, वर्ग मागून घ्यायचे, बाकं भिंतीला सरकवायची आणि सतरंज्या अंथरायच्या. आपल्या या साध्या व्यवस्थेचं नातं जगभरच्या चळवळीशी आहे हे तेव्हा ठाऊक असतं तर मुलांना सांगितलं असतं.

दुसरा दिवस, मंगळवार ४ जून

पहाटे साडेतीनलाच उजाडलं. पुलावर मी एकटी आणि समुद्रपक्षी. शहर समोर सोनेरी होत होतं.

हॉस्टेलचं स्वयंपाकघर किनाऱ्यावरच्या घरात आहे, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण चार दिवसांत मी सगळ्यात जास्त तिथेच रमले. लांब ओटा, चार-पाच शेगड्या, भांड्यांची कपाटं, मोठे फ्रीज. फ्रीजमध्ये पन्नासेक पिशव्या. प्रत्येकीवर नाव, खोलीचा क्रमांक आणि जायची तारीख लिहिलेली. कुलूप कशालाच नाही. कोणी लोणी ठेवलंय, कोणी मासा, कोणी अर्धा कापलेला टोमॅटो. चार दिवसांत कोणाचं काही नाहीसं झाल्याचं ऐकलं नाही. वापरलेलं भांडं ज्याचं त्याने धुऊन, पुसून जागेवर ठेवायचं. कचऱ्याचे डबे वेगवेगळे: काच, कागद, प्लास्टिक, खरकटं. आणि एका कोपऱ्यात एक फळी, तिच्यावर 'सर्वांसाठी' अशी पाटी. जाणारा माणूस उरलेलं मीठ, तेल, शेवया, चहा तिथे ठेवून जातो आणि येणारा लागेल ते घेतो.

हे पाहून मला पंढरपूरच्या धर्मशाळेची आठवण झाली. लहानपणी आजीबरोबर जायचे तेव्हा ओवरीत चुली पेटलेल्या असायच्या. एकीची भाकरी, दुसरीची आमटी, मिठाचा खडा तिसरीकडून. हॉस्टेलला स्वीडिश भाषेत 'वान्द्रारहेम' म्हणतात. वान्द्रारे म्हणजे पायी हिंडणारा, हेम म्हणजे घर. वारकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

दुपारी गामला स्तान पाहिलं. हे जुनं शहर पुलापलीकडे चालत पंधरा मिनिटांवर आहे. मोर्टेन ट्रॉट्झिग यांच्या नावाची गल्ली सगळ्यात अरुंद ठिकाणी अवघी ९० सेंटिमीटर आहे. समोरून कोणी आलं तर एकाने थांबायचं. मुख्य चौकातली रंगीत घरं फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असतात. त्याच चौकात १५२० च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कच्या राजाने ऐंशीहून अधिक सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांची मुंडकी उडवली. तिथे बाकावर बसून आइस्क्रीम खाणारी मुलं पाहताना माझं मन त्या गोष्टीपाशीच अडकून राहिलं.

कॉफी प्यायला एका छोट्या दुकानात शिरले. नोट पुढे केली तर मुलगी संकोचून म्हणाली, "आम्ही रोख घेत नाही." पुण्यात रांग लावून क्रोना घेतल्या होत्या, त्या जशाच्या तशा पाकिटात राहिल्या. चार दिवस सगळीकडे कार्डच चाललं. स्वीडनला जाणाऱ्यांनी नोटांची फार चिंता करू नये, कार्ड परदेशात चालतं की नाही ते मात्र निघण्याआधी बँकेत जाऊन पक्कं करावं. कॉफीबरोबर पिळाचा गोड पाव घेतला. पहिला घास घेतला आणि थांबलेच. वेलदोडा! भरपूर, जाडसर कुटलेला, दिवाळीच्या करंजीत असतो तसा. इथल्या गोड पावात वेलदोडा हवाच. कॉफी, असा एखादा पाव आणि सोबतीला माणूस, याला इथे 'फिका' म्हणतात. कचेऱ्यांतही फिकासाठी काम थांबतं.

परतताना दुकानातून तांदूळ, कांदे, हळद आणि मसुराची लाल डाळ घेतली. ही डाळ इथे कुठल्याही वाण्याकडे मिळते आणि कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते. जिऱ्याच्या पुडीवर 'कुम्मिन' लिहिलं होतं. ओळखीचं नाव, उचललं. तेल आणि मीठ त्या फळीवरून घेतलं. फोडणी टाकली आणि वास भलताच आला. शेजारी ताई बटाटे सोलत होत्या. त्यांनी पुडी हातात घेतली. "हे आमच्या राय नावाच्या धान्याच्या पावात घालायचं. तुम्हाला हवं ते 'स्पीसकुम्मिन'." म्हणजे स्वीडनमधलं कुम्मिन आपल्या शहाजिऱ्याच्या जातीतलं निघालं आणि आपलं जिरं वेगळंच. तुम्ही जाल तेव्हा पुडीवर 'स्पीस' आहे का ते आधी बघा.

खिचडी तरी झालीच, आणि पातेलंभर झाली, कारण मला मापाने दोन वाट्या करताच येत नाहीत. ताईंनी ताट पुढे केलं, मग केबिनमधल्या दोघी आल्या, मग पलीकडचे एक वडील आणि त्यांची दोन मुलं. पहिला घास घेतल्यावर ताई म्हणाल्या की आजारी माणसाला त्यांच्याकडे असंच मऊ काहीतरी देतात. आमच्याकडेही, मी म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की त्या या जहाजावर पहिल्यांदा १९६६ साली आल्या होत्या. एकोणीस वर्षांच्या, परिचारिकेचं शिक्षण चालू, खिशात आठवड्याभराचे पैसे, फिन्लंडच्या तुर्कू बंदरातून रात्रीच्या बोटीने. गेल्या वर्षी पती गेले. या वर्षी मुलांनी हॉटेल घेऊन देतो म्हटलं, पण त्यांना इथेच यायचं होतं. यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही दोघींनी मिळून भांडी घासली. मी घासत होते, त्या पुसत होत्या.

नऊ वाजता बॅग आली. नोंदणीच्या टेबलावरची मुलगी स्वतः ती ओढत डेकपर्यंत घेऊन आली होती.

तिसरा दिवस, बुधवार ५ जून

आज वासा, म्हणजे समुद्राच्या तळातून वर काढून संग्रहालयात ठेवलेलं जुनं लढाऊ जहाज. हे नाव मी वर्गात बाल्टिक समुद्राच्या धड्यात दरवर्षी घ्यायचे आणि एकदा डोळ्यांनी पाहायला मिळावं अशी फार इच्छा होती. ताई म्हणाल्या, मीही येते. धक्क्यावरून यूरगोर्डेन बेटाकडे बोट जाते, दहा मिनिटांचा प्रवास.

दार उघडून आत गेलं की अंधूक प्रकाशात ते अंगावर येतं. एवढं मोठं, एवढं काळं, कोरीव सिंह आणि माणसांनी मढवलेलं. १० ऑगस्ट १६२८ ला राजा गुस्ताव आदोल्फची ही नवीकोरी युद्धनौका पहिल्या सफरीला निघाली. ६४ तोफा, दोन मजल्यांवर. वरचा भार जास्त, खालचं वजन अपुरं. जेमतेम १३०० मीटर गेली, वाऱ्याच्या एका झोताने कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि किनाऱ्यावर जमलेल्या लोकांसमोर बुडाली. ३३३ वर्षं ती तळाशी होती. १९५६ मध्ये आन्देर्श फ्रान्सेन यांनी ती शोधली आणि २४ एप्रिल १९६१ ला ती पाण्याबाहेर आली.

लाकूड टिकलं कसं? यात भूगोल आहे. बाल्टिकला चोहोबाजूंनी नद्या येऊन मिळतात, महासागराशी मात्र तो चिंचोळ्या वाटांनीच जोडलेला आहे. म्हणून त्याचं पाणी फार कमी खारट. जहाजाचं लाकूड पोखरणारा किडा खऱ्या खाऱ्या पाण्यात जगतो, आपल्या कोकण किनाऱ्यावर जगतो, इथे मात्र जगत नाही. वर काढल्यावर लाकूड सुकून तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्याच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारत होते. आज दिसतो त्यातला ९८ टक्के भाग मूळचा आहे.

मी ताईंना हे सगळं हातवारे करून सांगत होते. तेवढ्यात लक्षात आलं की आजूबाजूला सात-आठ शाळकरी मुलं उभी राहून ऐकत होती. त्यांच्या बाई हसून म्हणाल्या, "चालू द्या." दोन वर्षांनी मी वर्ग घेतला.

संध्याकाळी डेकवर बसून आम्ही दोघींनी पाव आणि चीज खाल्लं. ताई बराच वेळ डोलकाठ्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या वासाला संग्रहालयात ठेवलंय, बरं केलं. पण मला हे जास्त आवडतं. याच्यात झोपता येतं."

चौथा दिवस, गुरुवार ६ जून

लेक आली. धक्क्यावरच मिठी मारली आणि पहिला प्रश्न, "आई, नीट झोपतेस का गं?" मी तिला ओढत स्वयंपाकघर दाखवायला नेलं.

सहा जून हा स्वीडनचा राष्ट्रीय दिन. १५२३ मध्ये याच दिवशी गुस्ताव वासा राजा म्हणून निवडला गेला. २००५ पासून सुट्टीही असते. बसवर, बोटींवर, आमच्या जहाजावरही निळे-पिवळे झेंडे. आम्ही स्कान्सेनला गेलो. देशभरातली जुनी घरं उचलून आणून आर्तुर हासेलियस यांनी १८९१ मध्ये हे खुलं संग्रहालय उभं केलं. चुलीवर पातळ पोळ्या भाजणारी बाई, लोहार, काच फुंकणारे, सगळे त्या काळच्या कपड्यांत आणि खरोखर काम करत होते. संध्याकाळी राजघराणं इथेच सोहळ्याला येतं. गर्दीत आम्हाला त्यांच्या गाडीचं टपच दिसलं. माझं पाय दुखणं सुरू झालं म्हणून लवकर निघालो.

लेकीने आग्रहाने भुयारी रेल्वेचं मुख्य स्थानक दाखवलं. पेर ओलॉफ उल्टवेट यांनी १९७५ मध्ये पांढऱ्या खडकावर निळ्या वेली रंगवल्या आहेत, आणि एका छतावर ते स्थानक बांधणाऱ्या मजुरांच्या सावल्या: शिडीवरचा, हेल्मेटवाला, वेल्डिंग करणारा. मजुरांना छतावर जागा दिलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

रात्री कोरियन मुलीची रिकामी खाट लेकीला मिळाली. ती दुपारीच नॉर्वेला गेली होती. माझ्या उशीवर चिठ्ठी ठेवून गेली होती, तिच्या लिपीत. खाली इंग्रजीत अर्थ लिहिला होता: भात छान होता.

पाचवा दिवस, शुक्रवार ७ जून

निघायच्या दिवशी इथे आपली चादर आपण काढायची, घडी करून टोपलीत टाकायची, जागा आवरायची. लेक पटापट करत होती. मी हळूहळू केलं. जर्मन मुलगी पहाटेच सायकल घेऊन निघून गेली होती. जाताना माझ्या चपला कोणाच्या पायात येऊ नयेत म्हणून दाराशी सरळ लावून ठेवलेल्या दिसल्या. स्वीडनमध्येही घरात शिरताना चपला-बूट दाराशीच काढतात.

पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. त्या यंत्रात टाकल्या की 'पान्त' म्हणजे आधी भरलेली अनामत परत मिळते. त्या मी पुलावर बाटल्या गोळा करणाऱ्या माणसाला दिल्या. इथे लोक त्या मुद्दाम कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवतात, म्हणजे त्याला डब्यात हात घालावा लागत नाही.

ताईंची तुर्कूची बोट संध्याकाळची होती. त्या स्वयंपाकघरात चहा करत होत्या. माझ्याकडे तांदूळ, डाळ आणि हळद उरली होती. मी ती फळीवर मांडली. हळदीच्या पुडीवर काय लिहावं सुचेना, कारण चमचाभर घातली तर सगळं कडू होईल. लेकीने पेन काढलं, पण ताईंनी ते घेतलं. फिनिशमध्ये लिहिलं, मग इंग्रजीत लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी चिमूट करून दाखवली. त्यांनी शब्दांखाली दोन बोटांचं चित्र काढलं, चिमटीत तीन ठिपके.

"आणि कुम्मिन?" त्यांनी विचारलं. ती पुडी मी त्यांच्याच हातात ठेवली, घरी पावात घालायला.